आक्काने सूट धुतले

धाकट्याचा पाय पोहायच्या रबरी सुटात गुडघ्यापाशी अडकला तेव्हा कुणाला फारसं काही वाटलं नाही. घरच्या लॉन्ड्रीचा बॉयलर तोच सांभाळायचा, म्हणून त्याला घरीदारी सगळे ‘बॉयलर’च म्हणत, आणि पोटाचा घेर पाहता ते नाव त्याला शोभायचंही. त्याची दमछाक होणार हे धरूनच चाललं होतं. पण त्याने दात-ओठ खाऊन आणखी एक हिसका दिला आणि मांडीवरची शिवण फर्रकन वरपासून खालपर्यंत सुटली.

“अरे, जरा बेताने!” दादा ओरडला.

“बेतानेच ओढला. काल सूट घेताना बोटवालीसमोर घालून पाहिला होता मी. बरोब्बर बसला होता.”

“काल तुम्ही जेवायच्या आधी घातला होता, भाऊजी,” वहिनी स्टोव्हवरच्या चहावरून नजर न काढता म्हणाली. दादाची बायको ती. पण घरात तिला सगळेच वहिनी म्हणत, वयाने मोठी असलेली नणंद आक्कासुद्धा.

त्या दोघांची मुलगी चिंगी हसत हसत दुसरा सूट उचलायला गेली आणि तिचं हसू तिथेच थांबलं. सूट पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता. तिसऱ्याच्या बाह्या एकमेकींना चिकटल्या होत्या आणि तो इतका आटला होता की पाचवीतल्या मुलाला झाला असता. उरलेले दोन सूट तळावरच्या सार्वजनिक न्हाणीघराच्या दाराशी, टबात, गार पाण्यात बुडलेले होते. तंबूभोवती साबणाचा स्वच्छ वास सुटला होता. हा वास या घराला जन्मापासून ओळखीचा, म्हणूनच सकाळपासून तो कुणाच्या नाकाला जाणवला नव्हता.

चौघांच्या माना एकदमच दोरीकडे वळल्या. आक्का तिथे चिमटे काढून पिशवीत टाकत होती.

“काय बघताय? वास येत होता त्या सुटांना,” ती म्हणाली. “किती जणांनी घालून काढले असतील कुणास ठाऊक. काल संध्याकाळी धुतले मी. गरम पाण्यात, सोडा घालून. मग न्हाणीघरातल्या त्या वाळवायच्या मशीनमध्ये फिरवले. तीन झाले आणि गरम पाणी संपलं, नाहीतर पाचही झाले असते.”

पाच झाले नाहीत याची तिला खरोखरच हळहळ वाटत होती.

या घराचं हे असंच आहे. दरवर्षी सरकारी तपासनीस बॉयलर बघायला येतो आणि त्याआधी चार दिवस बॉयलर पूर्ण थंड ठेवावा लागतो. तिघा भावंडांच्या वडिलांनी, अण्णांनी, फार पूर्वी नियम घालून दिला होता की बॉयलर थंड असताना घरात कुणी थांबायचं नाही, नाहीतर रिकामे हात चादरी मोजत बसतात. तेव्हापासून हे चार दिवस तंबूत. डोंगर झाले, तळी झाली, जंगलं झाली. पण माणूस तंबूत गेला म्हणून त्याची खोड थोडीच घरी राहते? एका वर्षी आक्काने जंगलातल्या विश्रामगृहाचे पडदे उतरवून धुतले होते. दादा अजूनही सार्वजनिक न्हाणीघरात शिरला की परक्यांच्या टॉवेलांच्या तीन-तीन घड्या करून ठेवतो, आणि मग लोक आपापले टॉवेल शोधत फिरतात. त्यामुळे आक्काने सूट धुतले याचं कुणाला नवल वाटलं नाही. ते बिघडले, याचं नवल होतं. लॉन्ड्रीत डाग तपासायच्या आणि काढायच्या टेबलाशी बसून तिला चाळीस वर्षं झाली होती आणि तिच्या हातून आजवर साधा रुमाल बिघडला नव्हता.

साडेआठला बोटवाली आली. चाळिशीची, उन्हाने रापलेली, मोजकं बोलणारी बाई. तिने तिन्ही सूट चाचपून पाहिले, आक्काकडे पाहिलं आणि मोठा श्वास घेतला.

“सुटांचं नंतर बघू,” ती म्हणाली. “पण पाणी गार आहे. सुटाशिवाय पाच मिनिटांत दातखीळ बसेल. माझ्याकडचे बाकीचे सूट दुसऱ्या लोकांनी नेलेत. दोन शाबूत आहेत ना? मग दोघं चला. एकट्याला मी पाण्यात सोडत नाही. कोण येणार ते ठरवा, मी इंजीन बघून येते.”

ती गेली. आजचा शेवटचा दिवस होता. उद्या तपासनीस यायचा होता. आणि यंदा समुद्रच हवा, हाच किनारा हवा, इथल्या खडकांवर रानटी सील राहतात आणि त्यांच्याबरोबर पोहता येतं, हा हट्ट चिंगीचा होता. चिंगी शाळेत भूगोल शिकवायची. तिने नकाशे काढले, पत्रव्यवहार केला, बोट ठरवली. एवढा आटापिटा कशासाठी, हे दादाने विचारलं तेव्हा “मजा येईल हो, बाबा” एवढंच उत्तर मिळालं होतं.

दादाने कडक झालेला सूट उचलला, गळ्याच्या आतलं लेबल बाहेर काढलं आणि आक्कासमोर धरलं.

“हे वाच.”

“वाचलं मी काल.”

“आता वाच. माझ्यासमोर.”

लेबलावरची चित्रं वाचायला दादाला आक्कानेच शिकवलं होतं, तो नऊ वर्षांचा असताना. चुकला की कानाला चिमटा. आज ती लेबल हातात घेऊन उभी राहिली. तिने त्यावरून अंगठा फिरवला. मग मान जराशी डावीकडे वळवली, आणखी जराशी, आणि कोंबडी दाण्याकडे बघते तशी एका कोपऱ्यातून बघत राहिली.

“हात,” ती शेवटी म्हणाली. “टबात हात काढलाय. गार पाण्यात, नुसत्या हाताने धुवायचं.”

“आणि त्याच्या खाली?”

आक्काने अंगठा लेबलावरून खाली सरकवला. मग अगदी हळू आवाजात तिने विचारलं, “खाली काही आहे का?”

खाली वाळवायच्या मशीनचं चित्र होतं आणि त्यावर नखाएवढी ठळक फुली होती.

त्याने चिंगीला दंडाला धरून न्हाणीघराच्या मागे नेलं. बॉयलरही मागोमाग आला, फाटक्या सुटाचा एक पाय अजून पोटरीत तसाच अडकलेला.

“तुला माहीत होतं,” दादा म्हणाला. तो विचारत नव्हताच.

“आठ महिने झाले,” चिंगीने सांगून टाकलं. “मीच नेलं होतं आत्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. कडेचं दिसतं, समोरचं जातं. समोर बघितलं की मधोमध एक डाग. वेग कमी करता येईल म्हणाले, पण गेलेलं परत नाही येणार.”

“आणि हे सील?”

“डॉक्टरांकडून परतताना बसमध्ये म्हणाली, चिंगे, जन्मभर मी लोकांच्या चादरी बघितल्या, एखादा रानटी प्राणी जवळून बघायचा राहिला. तेव्हाच मी ठरवलं. गुडघ्यांसाठी म्हणून तिला दर रविवारी पालिकेच्या पोहण्याच्या तलावावर नेत होते ना, ते यासाठी. चांगली पोहते आता.”

“आणि मला थापा मारत होतीस!”

“तिने शपथ घातली होती, बाबा.”

“मला तरी सांगायचंस,” बॉयलर दुखावून म्हणाला. “मी काय परका?”

“काका, तुमच्या कानात सांगितलं की गावभर होतं.”

बॉयलरने यावर वाद घातला नाही. प्रामाणिक माणूस होता.

दादा मात्र येरझाऱ्या घालायला लागला. “अगं, ते टेबल म्हणजे लॉन्ड्रीचं शेवटचं दार आहे. तिने ‘ठीक’ म्हटलं की कपडा बाहेर. हॉस्पिटलचे गाऊन जातात त्यावरून! आठ महिने एक आंधळी बाई...” तो शब्द तोंडातून निघाला आणि त्याला स्वतःलाच बोचला. तो थांबला. मग त्याच्या कपाळावर आठी पडली. “पण आठ महिन्यांत तक्रार नाही. एकही नाही. हे कसं काय?”

“कशी येईल?” मागून आवाज आला.

वहिनी हातात चहाचे पेले घेऊन उभी होती. हे दोन शब्द तिने आठ महिने दाताखाली धरले होते. आता सुटले ते बरंच झालं, असं तिला वाटलं.

“दुपारी आक्का अर्धा तास पाठ टेकतात,” ती म्हणाली. “तेवढ्यात मी टेबलावर बसते. त्यांनी ‘ठीक’ म्हणून बांधलेलं गाठोडं सोडते, एकेक कपडा उजेडात धरून बघते, राहिलेले डाग काढते आणि पुन्हा बांधून ठेवते.”

दादा तिच्याकडे बघतच राहिला. “तू मला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?”

दादाने तिच्या हातातला एक पेला घेतला.

“खुर्ची आणली असतीत. अण्णांना आणली होती तशी. काउंटरमागे ठेवायला, गादीची, चांगली. ‘अण्णा, आता आराम करा.’ वर्षभर ते त्या खुर्चीत बसून दाराकडे बघत राहिले, आणि मग गेले.”

अण्णा गेल्यापासूनच्या अकरा वर्षांत हे या घरात कुणी बोललं नव्हतं. ठाऊक सगळ्यांना होतं. बॉयलरने खाली वाकून पायातला सूट ओढायला सुरुवात केली, म्हणजे कुणाकडे बघायला नको.

आता वहिनीला आक्काचा फार लळा होता अशातला भाग नाही. ‘हिच्या डोळ्याला डागच दिसत नाही’ हे वाक्य तिने एकतीस वर्षं ऐकलं होतं, कधी कधी तर गिऱ्हाइकासमोर. त्यामुळे पहिल्यांदा गाठोड्यात चहाचा हाताच्या पंजाएवढा डाग राहिलेला अभ्रा सापडला तेव्हा आपल्याला बरं वाटेल, अशी तिची अपेक्षा होती. पण तिचे हातपाय गार पडले. तिने तो डाग काढला, अभ्रा बांधला आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसली. का, ते तिने स्वतःलाही नीट विचारलं नव्हतं.

ते परत आले तेव्हा आक्काने बिघडलेल्यांपैकी बाकीच्या दोन सुटांच्या घड्या घालून एकावर एक रचून ठेवल्या होत्या.

“न्हाणीघराची भिंत पत्र्याची आहे,” ती म्हणाली. “सगळं ऐकू येतं. चिंगे, तू आणि बॉयलर जा. ज्यांना दिसतं त्यांनी जावं. मी बसते इथे. बसायची सवय करायला हवी ना आता.”

वहिनी काय म्हणाली होती, ते मात्र तिने उच्चारलं नाही. तेवढं ऐकूनही ऐकलं नाही असं दाखवत होती की खरंच लाटेच्या आवाजात हुकलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

“ते दोन्ही सूट मला मांडीलासुद्धा पुरायचे नाहीत,” बॉयलर म्हणाला.

“मला डुंबण्यापलीकडे पोहता येत नाही,” दादा म्हणाला.

“कुणी विचारलंय तुम्हाला?” चिंगीने केस वर बांधायला घेतले. “आत्या आणि मी. ठरलं होतंच की. आत्या, ऊठ.”

“मी जाते आक्कांबरोबर,” वहिनी म्हणाली.

बॉयलर मोठ्याने हसला, पण आपण एकटेच हसतोय हे कळल्यावर त्याने चहाचा घोट घेतला.

“तू?” दादा म्हणाला. “तुला पोहता येतं?”

“आमच्या घरामागे तलाव होता. शाळेच्या शर्यतीत तीन वर्षं मी पहिली आले होते. मुलांनासुद्धा मागे टाकलं होतं.”

“कधी बोलली नाहीस!”

“एकतीस वर्षांत आपण कितीदा तळ्याकाठी तंबू टाकला, सांगा बरं. दरवेळी तुम्ही सगळे पाण्यात आणि मी स्टोव्हपाशी. तुला उतरायचंय का, असं कुणी विचारलं? यंदाचा पाचवा सूटही डोकी मोजूनच आला.” तिने हे रागाने म्हटलं नाही. मग ती चिंगीकडे वळली. “चिंगे, तू पुढच्या वर्षी जा. आज मला जाऊ दे.”

चिंगीने केसांची गाठ घट्ट ओढली. आठ महिने तिने हीच सकाळ डोळ्यांसमोर रंगवली होती : ती, आत्या आणि निळं पाणी. पण आईचा चेहरा तिने पाहिला. वर्गात हात वर करून, आपलं नाव पुकारलं जाईल का, याची वाट बघणाऱ्या मुली तिला रोज दिसत. तिने बांधलेले केस सोडले, टबातला सूट काढून पिळला आणि आईच्या हातात दिला.

“पाय आधी घाल,” ती म्हणाली. “आणि नखं लावू नकोस.”

बोट आक्का आणि वहिनीला घेऊन खडकांकडे निघाली. रबरात दोघी गच्च आवळून बसल्या होत्या. आक्काला बोटीच्या मधोमध, बोटवाली असायला हवी तिथे, राखाडी धूसर गोळा दिसत होता. डाव्या कडेला मात्र पाण्यावरची चकाकी, दोराचं वेटोळं आणि वहिनीचा गुडघा, सगळं लख्ख. चाळीस वर्षं जे बघायचं ते सरळ समोर धरून बघितलं होतं. कडेला काय असतं, याच्याशी तिला कधी कामच पडलं नव्हतं.

“नियम दोनच,” बोटवालीने इंजीन बंद केलं. “हात लावायचा नाही आणि मागे लागायचं नाही. मी त्यांना बोलवत नाही, खायला घालत नाही. त्यांच्या मनात असेल तर येतील. हा तरंगता दोर धरून शांत राहा.”

पाणी मानेतून आत शिरलं तेव्हा आक्काच्या तोंडून किंकाळी निघाली. सूट होता तरी गारठा हाडांपर्यंत पोचला. मग हळूहळू अंगाभोवतीचं पाणी कोमट झालं आणि तिने मास्क आणि श्वास घ्यायची नळी लावून तोंड पाण्यात घातलं.

हिरवं. सगळीकडे हिरवं, आणि मधोमध तोच डाग. ती डोळे ताणून समोर शोधत राहिली. खाली समुद्रातलं लांब पानांचं गवत डुलत होतं, तेही फक्त कडेकडेने. समोर काहीच नाही. काही मिनिटं गेली. एवढ्या लांब येऊन, पोरीचा हक्क मारून, आपण पुन्हा एक डागच बघत बसलोय, असं तिच्या मनात आलं आणि मास्कच्या आत डोळे भरून आले. तिने डोकं वर काढलं.

“काही नाही इथे. चल परत.”

“समोर शोधू नका, मावशी,” बोटवाली वरून म्हणाली. “समोरून ते येतच नाहीत. मागून येतात, बाजूने येतात. तुम्ही बघत नाही असं त्यांना वाटलं की येतात. मी डोळे धडधाकट असलेल्यांनाही हेच सांगते.”

वहिनीने पाण्याखाली आक्काचा हात धरला. आक्काने तो सोडवून घेतला नाही. तिने पुन्हा तोंड पाण्यात घातलं, आणि या वेळी शोधणं सोडून दिलं.

आणि डाव्या कडेला तो आला. आधी एक लांबट सावली, मग गोल डोकं, मिशा, काळेभोर ओले डोळे. आक्काने चटकन मान वळवली, तर तो डागात बुडाला. तिने मान पुन्हा सरळ केली आणि तो परत आला, आधीपेक्षा जवळ. तिला कळलं. ती गवताकडे बघत राहिली आणि कडेने सीलकडे. फिकट राखाडी अंग, त्यावर गडद ठिपके : गळ्याखाली एक लांबट, ओघळल्यासारखा, छातीवर तीन, एकाला एक लागून, पोटावर बारीक शिंतोडे. तो उताणा झाला आणि तिच्या पायाखालून सरकत गेला, सावकाश, जणू बघून घ्या म्हणत. मग उजवीकडून दुसरा. मग पायाच्या रबरी पंख्याला कुणीतरी तोंडाने हळूच ओढलं. तिने मागे पाहिलं नाही. तिला पाण्यात हसू फुटलं आणि नळीतून बुडबुडे गेले.

ज्या कडेवर सील होते त्याच कडेवर मग वहिनी दिसली. तिने आक्काचा हात कधी सोडला होता, कळलं नव्हतं. हात अंगालगत, दोन्ही पाय जोडलेले, ती सरळ खाली गेली, गवतापर्यंत, आणि तिथे अंग वळवून उताणी झाली. एक तरुण सील तिच्याभोवती गोल फिरला. तिनेही गिरकी घेतली. तो वर आला तशी तीही वर आली, अंतर राखून, घाई न करता. सत्तावन्न वर्षांची बाई. काउंटरवर पावत्या देताना जिच्या हालचालीत नेहमी कुणाची तरी क्षमा मागितल्यासारखं असायचं, तीच ही.

आक्का बघत राहिली. एकतीस वर्षं एका छपराखाली काढली आणि हिच्याकडे आपण एकदाही नीट बघितलं नाही. तिला लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ इतकं भरून आलं की ते कुणाविषयी, पाण्याविषयी, त्या प्राण्यांविषयी, पोरीविषयी की या बाईविषयी, तिला वेगळं करता येईना. हे बघायला मिळालं. डोळे आहेत तोवर मिळालं. तिने मनातल्या मनात सगळ्यांनाच हात जोडले.

पाच सील येऊन गेले. मग दोघी दोराला धरून, मास्क कपाळावर सरकवून धापा टाकत राहिल्या.

“भिंत पत्र्याची होती,” आक्का म्हणाली.

“माहीत आहे मला.”

“कुणीतरी माझं गाठोडं सोडतं, हे मला कळत होतं. गाठ माझी नसायची. मी डावीकडून बांधते. मला वाटायचं, दादा तपासतोय. एक दिवस येईल आणि खुर्ची दाखवेल. आठ महिने मी रोज सकाळी त्या भीतीनेच उठत होते.” ती थांबली. “तू असशील, हे मनातसुद्धा आलं नाही. तुझ्या डोळ्याला डाग दिसत नाही, हे मीच सगळ्यांना पटवून ठेवलं होतं ना.”

लाटेने दोघींना वर उचललं आणि खाली ठेवलं.

“रोज किती डाग राहायचे माझ्याकडून? खरं सांग.”

“आधी दोन-तीन.” वहिनीने क्षणभर दोर घट्ट धरला. “आता वीस-पंचवीस.”

आक्काने डोळे मिटले. वीस-पंचवीस.

“आणि सगळे काढलेस तू?”

“नाही हो. शाईचे मला जमत नाहीत, रक्ताचे जुने जमत नाहीत. ते मी परत तुमच्या न तपासलेल्या ढिगात वरच ठेवायची. तुम्ही हात फिरवायचात, काहीतरी लागायचं तुमच्या बोटांना, आणि संध्याकाळी बघावं तर डाग गेलेला. कसं करता, ते मला अजून कळलेलं नाही.”

“चिमटीत धरून कापड ओढायचं. डाग पडतो तिथे ते कडक लागतं,” आक्का म्हणाली. “शिकवते तुला. तू बघ आणि मला सांग, इथे आहे, तिथे आहे. काढते मी.”

“चालेल.”

“वहिनी.”

“काय?”

‘उपकार’ हा शब्द या घरात वापरायची पद्धत नव्हती. आक्काने तो कधी कुणाला म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. “उपकार झाले तुझे,” ती म्हणाली, आणि लगेच मास्क खाली ओढला, जणू अजून काही बघायचं राहिलं होतं.

दादा किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभा होता. दोन टॉवेल, तीन-तीन घड्यांचे, त्याने छातीशी धरले होते. दोन तासांत त्याने मनात भाषण जुळवून ठेवलं होतं. आक्का, तुझ्या भल्यासाठी सांगतोय, इथून त्याची सुरुवात होती आणि मध्ये कुठेतरी खुर्ची होती. चिंगीने त्याला तीनदा बजावलं होतं की आज काही बोलू नका. बॉयलरनेही बजावलं होतं, जे दादाला जास्तच लागलं.

बोट वाळूला लागली. बॉयलरने आक्काला हात देऊन उतरवलं. तिचे ओठ निळे पडले होते आणि ती लहान मुलीसारखी हसत होती.

“आत्या, दिसले?” चिंगी धावत आली.

“पाच होते. एकाच्या गळ्याखाली असा लांबट डाग, ओघळ आल्यासारखा. एकाच्या पाठीवर कोरी जागा, पंजाएवढी. एकाच्या शेपटीपाशी...” तिने पाचांचेही डाग सांगितले, एकेक करून, टेबलावरच्या यादीसारखे. बोट ओढता ओढता बोटवाली थांबली आणि ऐकत राहिली. चिंगी मध्येच रडायला लागली, पण आक्काचं सांगणं पूर्ण होईपर्यंत कुणी तिला थांबवलं नाही.

दादाने घसा साफ केला. “आक्का, मी काय म्हणत होतो...”

“सोमवारी टेबलाशी दुसरी खुर्ची लाव,” आक्का म्हणाली. “खिडकीच्या बाजूला, उजेड येतो तिथे. ती वहिनीची. माझी जागा आहे तिथेच राहील. ती बघेल, मी काढेन. काउंटरवर दुसरं माणूस शोध, नाहीतर तू बस.”

“अगं, पण...”

“तक्रार आली तर बोल.”

दादाने भाषण गिळलं. बायकोकडे पाहिलं. ती बोटीच्या काठावर बसून पायातले पंखे काढत होती, केस निथळत होते, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे त्याला ओळखीचं वाटेना. मग त्याने दोन्ही टॉवेल नेहमीप्रमाणे आक्कापुढेच धरले.

आक्काने एक घेतला. दुसरा घेतला नाही.

“दादा,” ती म्हणाली, “ही कशी पोहते, तू कधी बघितलंयस?”

“नाही,” दादा म्हणाला.

“एकतीस वर्षांत एकदाही नाही?”

“नाही.”

“माझ्या डोळ्यांचं तर डॉक्टरांनी सांगितलं,” आक्का म्हणाली. “तुझ्या डोळ्यांना काय झालंय?”

उरलेल्या टॉवेलाची घडी मोडून दादा बोटीपाशी गेला आणि वाळूत, बायकोच्या समोर, खाली बसला.